केसभर उतार

आमच्या हिला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा तिच्या शिष्यांनी ठरवलं, की रविवारी तिच्याच खोलीत जमून गायचं आणि तेही तिच्याच तानपुऱ्यावर. मला विचारायला डॉक्टरीणबाई आली. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना आ करायला लावते आणि संध्याकाळी आपल्याकडे येऊन स्वतः आ करते, असं ही म्हणायची. अकरा वर्षं ती हिच्याकडे शिकली.

मी तानपुऱ्यावरची कापडी गवसणी काढली. वर्षभर तिला हात लावला नव्हता. डॉक्टरीणबाईने तारा लावल्या आणि छेडल्या, तर तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी चरचर.

"जवारी गेलीय, काका."

इतक्या वर्षांच्या संसारात मला गाण्यातलं जे थोडं कळलं, त्यात ही जवारी होती. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर एक हाडाची पट्टी असते, तिला घोडी म्हणतात. चारही तारा तिच्यावरून जातात. तार पट्टीला जेमतेम शिवत राहिली की आवाज भरून येतो आणि रेंगाळतो, तीच जवारी. तार आणि पट्टीच्या मध्ये सुती दोरा सरकवून ही ती नेमकी जागा शोधायची. पण पट्टी झिजली की दोऱ्याचंही काही चालत नाही, मग पट्टी घासावी लागते. त्यासाठी दरवर्षी एक म्हातारे कारागीर यायचे. आता त्यांचे हात कापतात, त्यांनी काम सोडलंय.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मोबाईलवर तानपुरा असतो. बटण दाबलं की सुरू, आणि सूरही उतरत नाही."

"मग मी काय करू?"

"तुम्ही निवांत बसून ऐका."

तिथेच माझं अडलं. मी हिचं गाणं समोर बसून कधी ऐकलंच नव्हतं. कामाची दुसरी पाळी असली की सकाळी ही रियाजाला बसायची आणि मला मागे बसवून तानपुरा छेडायला लावायची. "तुम्हाला सूर कळत नाही तेच बरं," म्हणायची, "मध्येच गायला तरी लागणार नाही." माझा हात जलद पडायला लागला की मान न वळवता विचारायची, "अहो, गाडी पकडायचीय का?" हे शिष्यांसमोरसुद्धा. पोरी फिदीफिदी हसायच्या.

म्हणजे या सगळ्यात माझं काम एवढंच, तानपुरा छेडायचं. तेही बटणाने केलं तर मी त्या खोलीत कशाला बसू?

"पट्टी मी घासतो," मी डॉक्टरीणबाईला सांगितलं.

"काका, जमेल ना?"

"अगं, तू जन्माला यायच्या आधीपासून कानस चालवतोय मी."

ते खोटं नव्हतं. छत्तीस वर्षं मी फिटर होतो. लोखंडाचा तुकडा घासून आरशासारखा सपाट करायचा, हेच माझं आयुष्य.

बुधवारी सकाळी टेबल खिडकीशी ओढलं, तारा सैल करून बाजूला सारल्या. पट्टीवर चार बारीक खाचा होत्या, तारांनी पाडलेल्या. हिच्या रोजच्या रियाजाच्या. एकेका खाचेत नख घालून पाहिलं. हात धजेना. पण खाचा गेल्याशिवाय चरचर जाणार नव्हती. शेवटी कानस घेतली. घासताना जी भुकटी पडली ती फुंकून टाकवेना, म्हणून कागदाच्या पुडीत बांधून ठेवली.

पोलादी पट्टीला निळा रंग लावून ती वर टेकवली आणि डाग पडले तेवढे उंच भाग उतरवले. बारीक पॉलिश पेपर फिरवला. मग पोलादी पट्टी पुसून हाडाच्या पट्टीवर उभी धरली आणि उजेडात पाहिलं. दोन्हींच्या मधून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. कारखान्यात असतो तर साहेबाने पोरांना बोलावून दाखवलं असतं.

तारा चढवल्या, दोरा घातला, छेडलं.

टक. टक. टक. टक.

रिकाम्या खोक्यावर टिचकी मारावी तसं. दोरा पुढे घेतला, मागे घेतला. टक. जेवायला उठलो नाही. चरचर का होईना, तो हिच्या हातचा आवाज होता. तोही मी घासून टाकला होता.

गुरुवारी दवाखाना उरकून डॉक्टरीणबाई आली. मी काही लपवलं नाही.

"मी वाट लावली गं. आता रविवारी मोबाईलच लाव."

तिने उगाच धीर बिर दिला नाही. पर्समधून दात तपासायचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पट्टीवर वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"काका, काय सुंदर काम आहे हो हे."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. म्हणूनच तर वाजत नाहीये. दातात सिमेंट भरलं की मीही पेशंटला निळा कागद चावायला देते. डाग पडतो तिथे उंच. तेवढंच घासते. पण सगळा दात सपाट केला ना, तर त्या माणसाला भाकरीचा तुकडा तुटायचा नाही. दाताला उतार लागतो. या पट्टीलाही लागत असणार." तिने आपलं नख माझ्यासमोर धरलं. "असा. वरून बघितलं तर दिसूही नये इतका."

"किती उतार? माप सांग."

"माप मला काय माहीत? तुम्ही तिच्यामागे बसून इतकी वर्षं वाजवलंत. तुम्हाला माहीत."

"मला सूर कळत नाही, हे तुझ्या बाईंनी सगळ्या गावाला सांगितलंय."

"सूर मी बघते. तुम्ही नुसतं सांगा, आवाज तोच की नाही."

शुक्रवारी तिने दुपारचे पेशंट पुढे ढकलले. पोलादी पट्टी मी कपाटात ठेवून दिली. तार येते त्या बाजूची कड केसभर उतरवायची, तारा चढवायच्या, ती सूर लावणार, दोरा सरकवणार आणि मी डोळे मिटून छेडणार. "नाही," म्हटलं की तारा पुन्हा सैल. सहा वेळा झालं. तिची बोटं लाल झाली. "काका, अक्कलदाढ काढणं सोपं," ती म्हणाली.

सातव्या वेळी ती दोरा सरकवत होती आणि मी म्हणालो, "थांब!"

तिच्याआधी मी म्हणालो. बोटं आपोआप चालत राहिली. खोली भरली. कपाटाच्या काचा बारीक गुणगुणायला लागल्या, तशा सकाळी हिच्या रियाजाला गुणगुणायच्या. मला डोळे उघडवेनात.

थोड्या वेळाने म्हणालो, "तोच नाहीये पण. हिचा जरा धारदार होता. हा रुंद आहे."

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाली. "माझा आवाज तरी कुठे बाईंसारखा आहे? अकरा वर्षं ओरडा खाल्ला, तरी नाही झाला. पण शिकवलं त्यांनीच ना?"

मी दोऱ्याला हात लावला नाही. जिथे होता तिथे राहू दिला.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मुलगी नातवंडांना घेऊन आली आणि आल्या आल्या भोपळ्याला कान लावून बसली. बाकीच्यांच्या मागे तानपुरा धरायला पोरी आळीपाळीने बसल्या. डॉक्टरीणबाई सगळ्यांत शेवटी गाणार होती. तिच्यामागे मी बसलो, माझ्या नेहमीच्या जागी. खिशात ती पुडी होती.

तिने सूर लावला. मला कशाची घाई झाली कोण जाणे, पण झाली. ती गाता गाता थांबली आणि मान न वळवता म्हणाली,

"काका, गाडी पकडायचीय का?"

अख्खी खोली हसली, मुलगी डोळे पुसत हसली.

मी हात हळू केला.