रांगेतली मोकळी जागा

स्वानंदला ऑफिसातून पास मिळाले होते. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मंडळांचा नृत्यमहोत्सव, दोन दिवस, दोहातच. "आर्याला आवडेल. आणि आज तिला सांगूनच टाकू," बिन महमूदच्या सिग्नलला तो हळूच म्हणाला. मी बरं म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणते.

सांगायचं होतं ते एवढंच, की बाळ घरी येणार नाही. जन्मल्यावर सहाव्या दिवशी ते गेलं. त्याला सात आठवडे झाले. पाच वर्षांच्या आर्याला आम्ही ‘बाळ हॉस्पिटलमध्ये आहे’ यापुढे काही सांगितलं नव्हतं, आणि ती शाळेत भाऊ झाल्याचं सांगत फिरत होती. मिसने माझं अभिनंदनसुद्धा केलं. मी थँक्यू म्हटलं.

मैदानात गालिचे अंथरले होते. बाहेर पडायचं फाटक कुठे आहे ते मी आधी पाहून घेतलं, आर्याच्या मनगटावर पेनाने माझा नंबर लिहिला.

अंगावर पांढऱ्या मातीचे पट्टे ओढलेले नऊ पुरुष वाळूत येऊन उभे राहिले. चौथ्याच्या आणि पाचव्याच्या मध्ये एका माणसापुरती जागा मोकळी होती. निवेदन करणाऱ्या बाई म्हणाल्या, मंडळातला एक नर्तक नुकताच वारलाय. आमच्या रीतीप्रमाणे काही काळ आम्ही त्याचं नाव घेणार नाही.

लाकडी दांड्या वाजू लागल्या. पाय वाळूत आपटत रांग पुढे आली, मागे गेली. ती जागाही त्यांच्याबरोबर.

"आई, व्हाय नो नेम?"

"माणूस गेला की त्यांच्यात नाव घेत नाहीत."

"ओ. लाइक अवर बेबी."

स्वानंदने शूटिंग करणारा फोन खाली घेतला.

"तुला कोण म्हणालं असं?" त्याने विचारलं.

"नोबडी. तुम्ही पण त्याचं नाव घेतच नाही ना."

"नावच नव्हतं गं ठेवलं. बारसं बाराव्या दिवशी असतं, तो त्याआधीच गेला. आता तो घरी येणार नाही, आर्या." बँकेत पत्ता सांगावा तसा माझा आवाज निघाला.

"खलास?"

"हो."

ती नाच बघत राहिली. मग म्हणाली, "देन माझ्या रूममधला पाळणा काढा. मला पाय ठेवायला जागाच नाही."

"उद्या खोलून काढतो हं, पिल्लू," स्वानंद कसाबसा म्हणाला.

"आज," मी म्हटलं. "गेल्या गेल्या. पाना गाडीतच आहे ना?"