तारी परत आला नाही

आमच्या काजूच्या कारखान्यात कामावर असताना रडायचं नाही. बी फोडताना टरफलाचं तेल हाताला लागतं, त्याने कातडी भाजते. त्याच हाताने डोळे पुसले तर थेट डॉक्टरच गाठावा लागतो. नियम मुकादमीण सुमंगलाचा. पाळायची जबाबदारी मात्र माझी, कारण गोष्टी मी सांगते.

माझ्या हातांना ते तेल सोसलं नाही, म्हणून मला गर निवडायला बसवलंय. हात कामात, तोंड रिकामं. शाळा चौथीत सुटली, पण पेडण्याच्या वाचनालयातलं एक कपाट मी संपवत आणलंय. घरी ऐकायला माणूस नाही, म्हणून वाचलेलं इथे सांगते. बायका यंत्राचा दांडा ओढत ऐकतात.

फक्त शेवट बदलते. माझ्या गोष्टींत आजारी बरे होतात, बुडालेले पोहत येतात. त्यांच्यातली शीतल म्हणते, "वत्सलावयनी, तुझ्या गोष्टींत यमाक सुट्टीच गे!"

यंत्रावरची मंजुळा बेळगावकडची. गेल्या साली तिचा नवरा धोंडिबा बांधकामावरून पडून गेला. गावी नेलं, अग्नी दिला, आणि ही कोरड्या डोळ्यांनी उभी. सासू चारचौघांत म्हणाली, "हिला काय वाटतच न्हाई." आता वर्षश्राद्ध आलं होतं आणि मंजुळा जायला तयार नव्हती.

"रडूच येत न्हाई, अक्का," जेवणाच्या सुट्टीत ती मला म्हणाली. "कांदा चिरून बघितला. अशी कोरडी जाऊन सासूसमोर कशी उभी राहू?"

मी तिला माझ्या डब्यातली भाजी वाढली. 

त्या दुपारी मी एका तारीची, होडीवाल्याची, गोष्ट सांगत होते. पुरात होडी घेऊन जातो, बायको वाट बघत राहते. "आणि एक दिवस तारी परत आला," मी नेहमीसारखं आटोपलं.

मंजुळाचं यंत्र थांबलं. "पुस्तकात पण येतो?"

मी गर निवडत राहिले.

"खरं सांगा, अक्का."

"नाही येत."

"मग ती काय करती?"

"वयनी, नको हां!" शीतल ओरडली.

मला कळत होतं. कोणाचा हात डोळ्याला गेला तर गोष्टी बंद, आणि दिवसभरात माणसांशी माझं बोलणं होतं ते एवढंच. तरी सांगितलं. ती बायको काही करत नाही. रडतही नाही. रोज संध्याकाळी त्याच्या आंघोळीचं पाणी तापवते, निवलं की माडाच्या मुळात ओतते. शेजारणी म्हणतात, दगड आहे. एकदा जळण भिजतं, चूल पेटत नाही. तेव्हा ती म्हणते, "आता ते गार पाण्याने कसे न्हाणार?"

मंजुळाच्या घशातून आवाज आला. माणसाचा वाटेना. तिने तेलाने काळे झालेले दोन्ही हात वर धरले आणि तोंड उघडं टाकून रडू लागली. "त्यांना पण कडकडीतच लागायचं, अक्का!"

मग शीतल. मग सगळ्या. स्वच्छ हात फक्त माझे. तुवालो घेऊन एकेकीचे डोळे पुसत गेले. लहान पोरींसारखी तोंडं वर करून बसल्या होत्या.

सुमंगला आत आली. "हें कितें चल्लां गो? मेलं कोण?"

"तारी," शीतल हुंदका देत म्हणाली.

"फाल्यां सावन गोष्टी बंद! उद्यापासून एकही नाही. कोणाचे डोळे गेले म्हणजे?"

तिचंही चुकलं नव्हतं.

मंजुळाने वर्षश्राद्धासाठी रजा मागितली. म्हापशाच्या बसपर्यंत मी पोचवायला गेले. खिडकीत बसल्यावर तिने विचारलं, "अक्का, त्या मागच्या गोष्टीतल्या मास्तरणीचा पोरगा? तापातून उठला, असं तुम्हीच म्हणाला होता."

"नाही उठला."

"आणि ती विहिरीत पडलेली?"

"तीपण नाही वाचली."

"लबाड हायसा तुम्ही," ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. बस सुटली. परत येईन असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

कारखान्यात आता मोबाईलवर गाणी लागतात. मी गर निवडते. घरी वाचताना जिथे शेवट बदलला असता, तिथे जरा थांबते. मग आहे तसाच वाचते.