दाराबाहेरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि गेली सोळा वर्षे एका दाराबाहेर उभी आहे. माझा डावा हात खिळखिळा झाला आहे. बैठकीचे हिरवे कापड मधोमध विरले आहे. हल्ली माझ्यावर कोणी बसत नाही, छपाईच्या कोऱ्या कागदांचे गठ्ठे ठेवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी दमले आहे इतकेच, आणि दमलेल्यांना बोलायला लागते तसे मला आज बोलायचे आहे.

लक्झेंबर्गच्या उत्तरेकडे टेकड्यांत एक सुतार होता. त्याने बीच नावाच्या झाडाच्या लाकडातून आम्हा तेरा बहिणींना घडवले. तासताना तो शीळ घालायचा आणि एखादा सांधा मनासारखा बसला की स्वतःलाच शाबासकी द्यायचा. तेथून आम्ही राजधानीतल्या एका कचेरीत आलो. युरोपातल्या लोकांच्या आरोग्याच्या कामांना अनुदान द्यायचे की नाही, हे त्या कचेरीत ठरते. आम्हाला एका लांबट टेबलाभोवती मांडले. सुरुवातीची काही वर्षे मी त्या टेबलापाशीच होते. माझ्यावर नाना देशांचे डॉक्टर बसले, नर्सबाई बसल्या, आकडेमोड करणारे बसले.

तिथली रीत अशी. प्रत्येक अर्ज तिघांनी वेगवेगळा वाचायचा, वेगवेगळे गुण द्यायचे. मग तिघांनी एकत्र बसून एकच आकडा ठरवायचा. शंभरापैकी सत्तर मिळाले तर अर्ज पुढे जातो, नाहीतर तिथेच संपतो. ठरलेल्या पानांच्या पलीकडे कोणी एक ओळ जरी जास्त लिहिली, तरी ती ओळ वाचायची नाही. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे कागदावर जे आहे तेवढेच खरे. तुम्हाला बाहेरून काय ठाऊक आहे ते घरी ठेवून यायचे. अर्ज करणारा तुमच्या ओळखीचा निघाला तर मात्र तसे लिहून द्यायचे आणि त्या अर्जापुरते गप्प बसायचे.

मी आतून बाहेर आले त्याला कारणीभूत एक खोकला. एका वर्षी एका गृहस्थांच्या मित्राचा अर्ज होता. "मी बोलणार नाही, नुसता बसतो," असे म्हणून ते माझ्यावर बसून राहिले. बोलले नाहीतच. पण कोणी गुण कमी करू लागला की ते खोकायचे, वाढवले की खोकला थांबायचा. मित्राचा अर्ज डौलात पास झाला. तेव्हा एस्तोनियाच्या डॉक्टर मारेत तालवेर उठल्या. अंगाने किरकोळ बाई. त्यांनी त्या गृहस्थांना उठवले, मला दोन्ही हातांनी उचलले आणि दाराबाहेर नेऊन ठेवले.

"ओळख निघाली की माणूस इथं बसणार," त्या म्हणाल्या. "खोकायचं असेल तर इथं खोकावं."

सगळे हसले. बैठका चालवणारे अधिकारी वायडर्ट हसले नाहीत, त्यांनी ते टिपून घेतले. पुढच्या वर्षी तो नियम झाला.

तेव्हापासून मी बाहेर आहे. आधी मला फार वाईट वाटले. टेबलाशी मान होता, इथे नुसता गारठा. पण हळूहळू माझ्या लक्षात आले की माझ्यावर बसायला येतात ती माणसे कामाची असतात. क्षयरोगाचा अर्ज असला की क्षयात आयुष्य घालवलेला माणूस बाहेर येणार, कारण त्या कामातले सगळेच त्याच्या ओळखीचे. आत दोघे राहायचे आणि तिसरा म्हणून राखीव यादीतला कोणीतरी बोलावला जायचा. ज्याला सगळे ठाऊक आहे तो माझ्यावर बसून नखे कुरतडत राही. नियम वाईट होता असे मी म्हणत नाही. खोकला मी माझ्या कानांनी ऐकला आहे. पण थकवा येतो हो, बघून बघून.

या गारठ्यात मला एक सोबत होती, फिलोमेनाची. ती मूळची पोर्तुगालची. या मजल्याची सफाई तिच्याकडे आहे आणि मजल्यावरच्या सगळ्यांची खबरही तिच्याकडेच.

आणि मग तो मार्चमधला दिवस आला. सकाळी अकराच्या सुमारास दार उघडले आणि मारेतबाई स्वतःच बाहेर आल्या. माझ्यावर बसल्या. मी बाहेर आल्यापासून पहिल्यांदाच.

"आता तुम्हालाही हाकललं का, डॉक्टरीणबाई?" फिलोमेनाने पोछा भिंतीला टेकवला. "ही तर तुमचीच खुर्ची!"

"माझीच," मारेतबाई म्हणाल्या. "बसायला एवढी कडक असेल असं वाटलं नव्हतं."

"कोणाचा अर्ज आहे?"

"ते मी सांगू नये."

"सांगू नका. मी विचारलंच नाही असं समजा." फिलोमेनाने डब्यातली पोर्तुगाली मिठाई, अंड्याचे गोड सारण भरलेली पिठाची वाटी, पुढे केली. "खा. तोंड उतरलंय तुमचं."

दाराची कडी नीट बसत नसे. आतले बोलणे बाहेर येत होते. नाव न सांगताही सगळे कळत होते. अर्ज होता सिग्ने नावाच्या नर्सचा. समुद्रातल्या लहान लहान बेटांवर म्हातारी माणसे एकेकटी राहतात. सिग्ने बोटीने त्यांच्याकडे जाते, साखर तपासते, जखमा धुते. तिची जुनी बोट आणि तुटपुंजी मदत त्या वर्षअखेर संपणार होती. म्हणून एस्तोनिया, फिनलंड आणि स्वीडन अशा तीन देशांच्या बेटांसाठी मिळून तिने अर्ज केला होता. अर्ज पडला तर बोट किनाऱ्याला लागणार आणि ती घरे तशीच राहणार. सिग्ने मारेतबाईंच्याच हाताखाली शिकलेली.

आत वाउटर बोलत होते. हे हॉलंडचे डॉक्टर, आवाज मोठा, मन साफ.

"एकेचाळीस घरं! अहो, आमच्या एका जिन्याला याहून जास्त घरं असतात. एवढ्यासाठी बोट?"

"फोनवर विचारपूस केली तर नाही चालणार?" राखीवातून आलेल्या ओर्नेलाबाईंनी विचारले.

"चालत नाही असं अर्जात कुठं म्हटलंय?"

कागद चाळल्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

"नाही म्हटलेलं."

"मग काय! जे लिहिलं नाही ते नाही."

मारेतबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्या फिलोमेनाकडे बघून हळूच बोलल्या, पण मला वाटते त्या दाराशीच बोलत होत्या.

"फोनवर म्हातारा म्हणतो, मी मजेत आहे. दरवेळी तेच म्हणतो. पाय सडत आला तरी मजेत आहे म्हणतो. मोजे काढल्याशिवाय कळत नाही गं. समोर बसून मोजे काढावे लागतात."

"मग हे तिनं लिहिलं का नाही?"

"कारण तिला ते रोजचं आहे. श्वास घेतो असं कोणी अर्जात लिहितं का?"

"जा की मग आत!" फिलोमेना कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "एक वाक्य तर आहे. मोजे! एवढंच ओरडा आणि या बाहेर. तुम्हाला काय फाशी देणार आहेत?"

मारेतबाई उठल्या. खरोखर उठल्या. माझ्या हातांवर भार देऊन त्या अर्ध्या उभ्या होत्या, तेव्हाच माझा डावा सांधा करकरला. मी मनात म्हणत होते, जा बाई, जा. नियमाचे मी बघेन. एक लाकडी खुर्ची काय बघणार होती, पण म्हणत होते खरे.

मग त्या खाली बसल्या.

"आज मी शिरले तर उद्या खोकणारा शिरेल," त्या म्हणाल्या. "आणि त्याला अडवायला मला तोंड राहणार नाही."

मला त्यांचा राग आला. आणि त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की विचारू नका.

पाऊण तासाने वायडर्टनी दार उघडले. "या डॉक्टर, झालं." काय झाले ते त्यांनी सांगितले नाही, मारेतबाईंनी विचारले नाही. पण आम्ही तिघींनी आकडा ऐकला होता. एकोणसत्तर.

मारेतबाई आत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत परक्यांचे सहा अर्ज त्यांनी नेहमीच्याच काळजीने वाचले. निघताना वायडर्ट त्यांच्यासोबत बाहेर आले. चांगला माणूस, पण हिशेब तपासनीसांच्या भीतीने केस पांढरे झालेला.

"डॉक्टर, एक विचारू? तुम्ही लिहिलंत की तिच्याबरोबर काम केलं त्याला सहा वर्षं झाली. नियम गेल्या पाच वर्षांत बरोबर काम केलेल्यांपुरता आहे. लिहिलं नसतं तरी चाललं असतं."

"हो का?"

"मी तुम्हाला आत ठेवू शकलो असतो. पण तुम्ही लिहिल्यावर मला ते न वाचल्यासारखं करता येईना. का लिहिलंत?"

"शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, आणखी काही सांगण्यासारखं आहे का," मारेतबाई म्हणाल्या. "होतं."

 वायडर्टनी बाईंचा कोट धरला, त्या कोट घालून निघून गेल्या.

पुढच्या वर्षी त्या परीक्षक म्हणून आल्याच नाहीत. मार्चमध्ये बैठक भरली, आणि दहाच मिनिटांत दार उघडून वाउटर बाहेर आले. त्यांच्यामागून ओर्नेलाबाई. त्यांच्यामागून तिसरे परीक्षक. शेवटी राखीवातले दोघे. पाच माणसे आणि खुर्ची मी एकटी. कोणी बसेना. सगळे भिंतीला पाठ लावून उभे.

"हे काय, आग लागली का?" फिलोमेनाने विचारले.

"ओळख लागली," वाउटर म्हणाले.

सिग्नेने पुन्हा अर्ज केला होता, आणि या खेपेला तिच्या जोडीला दुसरे नाव होते मारेत तालवेर. बाई निवृत्त होऊन बिनपगारी बोटीवर जाणार होत्या. अर्जात पहिल्याच पानावर मोज्यांची गोष्ट होती म्हणे. पण पंधरावीस वर्षे या टेबलाशी बसलेल्या बाईला कोण ओळखत नाही? वायडर्टनी नाव वाचले आणि एकेकाने हात वर केला. लपवले कोणीच नाही. खोकलेही कोणी नाही.

थोड्या वेळाने वायडर्टही बाहेर आले. रिकाम्या खोलीत बसून काय करणार? ते सगळ्यांकडे बघत राहिले आणि मग माझ्यावर बसले. पहिल्यांदाच.

"साहेब, तुम्हीसुद्धा?" फिलोमेना म्हणाली.

"मी डॉक्टरांना विमानतळावर सोडायला जायचो," ते म्हणाले. "दरवर्षी."

"मग आता कोण वाचणार?"

"नवी माणसं शोधावी लागतील. त्यांना न ओळखणारी."

"किती दिवस लागतील?"

 ते नुसता चष्मा पुसत बसले. मला त्यांचे ओझे नेहमीच्या माणसापेक्षा जड वाटले.

नवी माणसे मिळायला सप्टेंबर उजाडला. आतून ब्याऐंशी हा आकडा आला तेव्हा फिलोमेनाने जिन्यापाशी बादली ठेवून एकटीनेच टाळ्या वाजवल्या. मग करार, मग सह्या, मग तीन देशांची पत्रे. तोवर समुद्र गोठला. बोट निघाली ती पुढच्या मे महिन्यात.

त्यानंतर आठनऊ महिन्यांनी फिलोमेनाला मारेतबाईंचे पत्र आले. तिने ते मला पुसता पुसता मोठ्याने वाचले. बाईंनी लिहिले होते, की हात गारठतात, सिग्ने फार रागावते, मजा येते. खाली पुढचा मजकूर होता. "अर्जात आम्ही एकेचाळीस घरं लिहिली होती. गेलो तेव्हा चौतीसच उघडी होती. आता पहिल्या वर्षाचा अहवाल द्यायचा आहे. ठरवलेलं आणि झालेलं यांत फरक पडला तर कारण लिहा, असा रकाना आहे. सिग्नेनं लिहिलंय, 'सात जण वाट बघत होते. आम्हाला उशीर झाला.' एवढं चालेल का, ते वायडर्टना विचारशील?"

वायडर्ट तेवढ्यात दारातून बाहेर येत होते. फिलोमेनाने पत्र त्यांच्यापुढे धरले. त्यांनी उभ्याउभ्या वाचले, पुन्हा वाचले.

"चालेल," ते म्हणाले. "शब्दांच्या मर्यादेत बसतंय."

आणि ते आत गेले नाहीत. मारेतबाई बसल्या होत्या तसेच माझ्यावर बसून राहिले. फिलोमेनाने त्यांना वाटी दिली नाही. तिची पाठ त्यांच्याकडे होती आणि ती त्याच एका फरशीवर पोछा फिरवत होती.

आता बैठका संगणकाच्या पडद्यावर होतात. ओळख निघाली की त्या माणसाचा चौकोन काळा करतात. माझ्या पायाला मोडीत काढायच्या सामानाची चिठ्ठी लागली आहे.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही कुठल्या ना कुठल्या टेबलाशी बसाल. कोणाचे तरी कागद तुमच्या हातात येतील. नियम पाळा. ओळख असेल तर खरे सांगून बाहेर या, बसायला कडक असले तरी बसा. पण जे आत आहेत त्यांना माझे एवढेच मागणे आहे. कागद नीट वाचा आणि जरा लवकर वाचा. दाराबाहेर मी थांबू शकते, मी लाकडाची आहे.