समेटाचा घोट

पंचांनी दुपारी बोलावलं होतं, आणि उदेसिंग पहाटेपासून पायाला भिंगरी लागल्यासारखा फिरत होता. तीनदा खाली डांबरी रस्त्यापर्यंत जाऊन आला. काही आणायचं नव्हतं, कुणाला भेटायचं नव्हतं. पण घरात बसलं की तोंडाला जुनी चव आठवायची, म्हणून तो उठायचा.

कारण असं, की आज त्याला दारू प्यायची होती, आणि सात वर्षांत त्याने थेंब घेतला नव्हता.

ही दारू हौसेची नव्हे. दोन वर्षांपूर्वी, ऊसतोडीची माणसं गुजरातेतून होळीसाठी घरी आणताना, वरच्या पाड्याच्या वीरसिंगने घाटात पिकअप उलटवली. तो प्यायलेला होता. बाकीचे खरचटून वाचले, उदेसिंगचा धाकटा भाऊ सुरुपसिंग तेवढा गेला. तेव्हापासून दोन पाड्यांत उठबस बंद, लग्नाला जाणंयेणं बंद. वीरसिंग गुजरातेत पळाला तो तिकडेच राहिला; आता कुठे पंचांपुढे यायला तयार झाला होता. कोर्टातली केस कोर्टात चालली होती, पण डोंगरात कोर्टाच्या कागदाने कुणी कुणाच्या घरी जेवायला जात नाही. त्यासाठी पंच बसावे लागतात. पंचांचं बोलणं संपलं की ज्याच्या हातून मरण झालं त्याने आणि मेलेल्याच्या घरातल्या वडीलधाऱ्याने एकाच पानाच्या द्रोणातून मोहाची दारू प्यायची. घोट घशाखाली गेला की वैर संपलं. त्यानंतर कुणी हात उगारला तर अख्खा समाज त्याचा हात धरतो. घोट झाला नाही तर झालेलं बोलणं वाऱ्यावर.

घरातला वडीलधारा उदेसिंग, आणि उदेसिंग येशूचा.

पूर्वी तो प्यायला लागला की तीन-तीन दिवस प्यायचा. एकदा त्या नशेत त्याने बायकोचा, गुलाबबाईचा, हात मोडला. शुद्धीवर आल्यावर तिला दवाखान्यात न्यायलासुद्धा त्याच्या पायात बळ नव्हतं. नंतर तो प्रार्थनेला जायला लागला, नदीत बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवसापासून बंद. लोक म्हणायचे, उदेसिंगची दारू सुटली. उदेसिंगला खरं माहीत होतं. सुटली नव्हती, बांधून ठेवली होती, आणि मारकं जनावर बांधलेलं असलं तरी माणूस त्याच्या जवळून जपूनच जातो.

तिसऱ्या फेरीला तो भटूच्या दुकानावर टेकला. भटू खालच्या सपाटीवरचा, अहिराणी बोलणारा, सल्ल्याचे पैसे न घेणारा माणूस. म्हणून सल्ले फार.

"अरे भाऊ, एक घोटमा काय शे? औषध समजीन पी टाक. तुन्हा देव काय घोट मोजी ऱ्हायना का?"

उदेसिंग हसला नाही. तिथूनच त्याने अक्कलकुव्याच्या पास्टरांना फोन लावला. पास्टर भला माणूस, पण त्या दिवशी उंटावरून शेळ्या हाकत होता. "दारूला शिवू नका," ते म्हणाले, "आणि समेटही मोडू नका. प्रार्थना करा, मार्ग निघेल." मार्ग कुठून निघेल ते सांगायच्या आत रेंज गेली.

परत येताना पुतण्या वाटेत उभा होता. हेमराज, सुरुपसिंगचा मुलगा, एकवीस वर्षांचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा. सात वर्षांत एकदाही प्रार्थनेच्या खोलीत पाऊल न टाकलेला. आज मात्र त्याने काकाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"काका, तू तुझ्या देवाला शब्द दिलाय. तो मोडू नको. पंच काही म्हणोत, पिऊ नको."

"आणि मग वीरसिंग?"

"त्याचं मी बघतो," हेमराज म्हणाला.

हेमराजच्या तोंडी देव! उदेसिंगला आधी बरं वाटलं. एवढं बरं की त्याला आपलीच शंका आली. चार पावलं चालून तो थांबला, पुन्हा चालला, पुन्हा थांबला. आत काहीतरी टोचत होतं, आणि नेमकं कुठे ते सापडत नव्हतं.

चिंचेखाली दोन्ही पाडे जमले होते, मध्ये दहा हात जागा सोडून. वीरसिंग वाळून काडी झाला होता. तो मान वर करत नव्हता. बोलणं लवकर आटोपलं, कारण भरपाईचं आधीच ठरलं होतं. पंचांतला सर्वांत म्हातारा, खात्या, द्रोण घेऊन उठला. त्याने चार थेंब धरणीला सोडले, डोंगरातल्या देवांची आणि पूर्वजांची नावं घेतली, आणि द्रोण वीरसिंगला दिला. वीरसिंगने अर्धा घेतला. मग द्रोण उदेसिंगपुढे आला.

वास आला, आणि उदेसिंगच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याला स्वतःची किळस आली.

"खात्याबाबा, माझा नेम आहे. मी पाणी पितो, त्याच द्रोणातून. देवाशपथ वैर सोडतो."

वरच्या पाड्यात कुजबुज झाली. खात्या चिडला नाही. "बाळा, पाणी तर आपण रोज पितो. दोन वर्षं भांडत होतो, तेव्हाही एकाच नदीचं पीत होतो. त्याने काय बांधलं?"

उदेसिंगने मागे पाहिलं. हेमराज हसत होता. मोठ्याने नाही, नुसता ओठांच्या कोपऱ्यात, डाव जिंकत आलेल्या माणसासारखा. आणि त्याक्षणी सकाळपासून टोचणारं सापडलं. ते हसू त्याच्या स्वतःच्याही पोटात होतं! नेम पाळला की घोट नाही, घोट नाही की समेट नाही, समेट नाही की पोरं वीरसिंगचं काय करायचं ते करतील, आणि उदेसिंगचे हात धुतलेलेच राहतील. वर देवही खूश. सात वर्षं ज्याच्या नावाने तो निर्मळ राहिला, त्याच्याच नावामागे तो आज सूड लपवत होता. सुरुपसिंगच्या मारेकऱ्याला माफ करायची त्याची इच्छाच नव्हती. दारूला भीत होता हे खरं, पण त्याहून जास्त तो माफीला भीत होता.

"प्रभू, मला सांभाळ," तो म्हणाला, आणि प्यायला. द्रोण रिकामा केला.

दोन्हीकडून आरोळी उठली. मधल्या दहा हातांत माणसं शिरली, बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. हेमराज पायाने दगड उडवत निघून गेला. जाऊ दे, आता त्याचा हात धरायला दोन पाडे होते.

पण उदेसिंगचा कोण धरणार? घोट पोटात जाऊन बसला नव्हता, तो उठून उभा राहिला होता आणि आणखी मागत होता. कुणीतरी आनंदाने दुसरा द्रोण भरून पुढे केला. उदेसिंगचा हात आपोआप उचलला गेला. तो त्याने मध्येच वळवला आणि वीरसिंगचं मनगट पकडलं.

"माझ्याबरोबर घरापर्यंत चल."

"मी?" वीरसिंग घाबरला.

"वाटेत धुडकूची भट्टी लागते. मी एकटा तिच्यापुढून जाऊ शकणार नाही. तुला ठाऊक आहे ते कसं असतं. इथे दुसऱ्या कुणाला नाही."

दोघे निघाले. धुडकूच्या कुंपणाशी उदेसिंगचे पाय खरोखरच वळले. "नुसतं पाणी मागून येतो," तो म्हणाला, आणि त्या क्षणी त्याला ते खरंही वाटलं. वीरसिंगने आता उलट त्याचंच मनगट धरलं आणि सोडलं नाही. उदेसिंगने त्याला शिवी दिली, भावाचं नाव घेऊन दिली. वीरसिंग रडत होता, पण पकड ढिली करत नव्हता. "मार मला, दादा," तो म्हणाला, "पण तिकडे नको." तसाच ओढत त्याने त्याला चढावर आणलं.

गुलाबबाई दारात होती. वास तिला अंगणातच आला. तिचा चेहरा पांढरा पडला.

"किती?"

"एक घोट," उदेसिंग म्हणाला. "अजून पाहिजे आहे."

तिने वीरसिंगकडे पाहिलं. दोन वर्षांत या माणसाचं नाव तिने घरात घेऊ दिलं नव्हतं. मग ती दारातून बाजूला झाली.

"आत ये," ती त्याला म्हणाली. "आज तू इथंच राहा. हा रात्री उठला तर मला एकटीला आवरायचा नाही."

वीरसिंगने उंबऱ्याशी एका हाताने चपला काढल्या. दुसरा हात मोकळा नव्हता.