सावलीतली रेघ

"काका, या तीन फोटोग्राफरांतला कुठला घ्यावा, तेवढं सांगा," असं म्हणत त्या मुलीने मोबाइल ह्यांच्या पांघरुणावर ठेवला.

आमचं फोटोचं दुकान पुढे आणि राहायची खोली मागे. दुकानाच्या काचेत ह्यांनी काढलेला एका लग्नाचा फोटो अजून आहे: धबधब्याच्या तोंडाशी उभे नवरा-नवरी. तो बघूनच ही मुलगी आणि तिचा होणारा नवरा आत शिरले होते. फोटोग्राफर दोन वर्षांपूर्वी एका लग्नात फोटो काढताना कड्यावरून पडले, आता काम करत नाहीत, असं मी सांगितलं, तर म्हणाली, "निदान सल्ला तरी देतील?" दोन वर्षांत ह्यांच्याकडे कुणी सल्ला मागितला नव्हता. मी मधला पडदा सारला. कमरेखालचं शरीर गेलेलं, तरी ह्यांनी घाईघाईने शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

दोघंही डोंगर चढणारी. लग्न कड्यावर, मोजक्या वीस माणसांत. शेवटी दोराला लटकून दोघांचा फोटो.

"आमच्या आईने तर ऐकूनच अंथरूण धरलंय," मुलगी म्हणाली आणि जीभ चावली.

"मीही धरलंय," हे म्हणाले. मग तीही हसली.

पहिल्या फोटोग्राफरचे फोटो बघून मलाच गरगरलं. दुसऱ्याने सगळं ड्रोनने टिपलेलं, माणसं मुंग्यांएवढी. तिसऱ्याचे अगदी साधे. त्यातला एक फोटो ह्यांनी बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हा घ्या."

"हा?" मुलीचा चेहरा पडला. "याची तर स्वतःचीच सावली आलीय फोटोत. चूकच ना ही?"

"चूकच. पण सावलीच्या कमरेपाशी बघ. मागे रेघ गेलीय ना? दोर आहे तो. स्वतःला बांधून मगच उभा राहतो हा. असा माणूस तुम्हालाही कडेला जाऊ देणार नाही."

मुलाने चाचरत विचारलं, "काका, तुम्हाला तेव्हा कुणी दोर दिला नव्हता?"

मी तोंड उघडलंच होतं. हे उत्तर मला पाठ होतं. त्या लग्नवाल्यांनी दोर दिला नाही, वर त्यांची नवरी म्हणाली, अजून एक पाऊल मागे व्हा, दरी येऊ दे. दोन वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले होते.

"होता," हे म्हणाले. "पिशवीत होता. ऊन उतरत होतं. बांधायला पाच मिनिटं गेली असती."

दोघं उठली. पायरीवरूनच मुलीने तिसऱ्याला फोन लावून तारीख मोकळी आहे का विचारलं. मी पडदा धरून तशीच उभी राहिले.

ती नवरी अपघातानंतर दर रविवारी यायची. ह्यांच्या उशाशी मुकाट बसायची. एका रविवारी मी तिला दारातच अडवलं. "तुझ्या एका फोटोपायी माझा माणूस अर्धा झाला!" असं भर रस्त्यात ओरडले. शेजारीपाजारी जमले. ती मान खाली घालून गेली, ती पुन्हा आली नाही. पुढे कानावर आलं, तिने लग्नाचा एकही फोटो घरात लावलेला नाही.

"मी तिला बोलत होते, तेव्हा तुम्ही जागे होतात?" मी ह्यांना विचारलं.

"होतो."

"आणि गप्प राहिलात."

ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "खरं कळल्यावर तू माझं सगळं करशील की नाही, याची भीती वाटली."

कूस बदलायची वेळ टळून गेली होती. दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी वाकून ह्यांच्या पाठीखाली हात घातले. एरवी हे आपणहून माझ्या मानेला धरतात. आज त्यांचे हात चादरीवर तसेच पडून राहिले.

"टाका हात गळ्यात," मी म्हणाले. "मला एकटीला नाही उचलवत."