तिसऱ्या पायरीवरचा आवाज

"आता मी सांगतो त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," विहाराच्या ओसरीवर मांडी ठोकून थोंगडाम म्हातारा म्हणाला, "पण त्या वर्षीचं आपलं रॉकेट नागाने फोडलं. तळ्यातल्या नागाने. स्वतः!"

हशा पिकला. पावसाला हाक घालायला हे गाव दरवर्षी रॉकेट सोडतं, आणि ज्याचं उडत नाही त्याला चिखलात लोळवतं. चोवीस वर्षांपूर्वी रॉकेट जागेवरच फुटलं, नळ्यात दारूचा मसाला ठोकून भरणाऱ्या खामसिंगची तीन बोटं गेली. जखम भरल्यावर त्यालाही लोळवलं. रीत ती रीत. लोळवताना त्याचे पाय धरायला थोंगडामच होता. तेव्हापासून खामसिंगच्या घरात कुणी मसाल्याला हात लावायचा नाही. आज मात्र त्याची लेक बुआलाई पंचांसमोर हटून बसली होती, यंदा मसाला मीच ठोकणार म्हणून.

"बापाचा हात कच्चा, लेकीचा कुठून पक्का असणार?" पंच म्हणाले.

थोंगडामला त्या दिवशी खरं काय घडलं ते सांगायचं होतं. पण कोपऱ्यात खामसिंग तो थोटा हात उपरण्याखाली लपवून बसलेला. त्याच्याकडे नजर गेली की थोंगडामच्या तोंडून नागच बाहेर पडायचा.

"नाग केवढा? शेपूट आपल्या तळ्यात, मिशा पार मेकाँग नदीत! रॉकेटच्या नळ्याला विळखा घालून मला विचारतो, 'चिकट भात आहे का रे?' म्हटलं, संपला. बसला की रुसून! असा आवळला नळा..."

"माझ्या बायकोसारखा!" मागून कुणीतरी म्हणालं.

"हसा लेको! पण खामसिंगचा काय दोष? लाकडी मोगरीने तीन दिवस ठोकलेला मसाला, नुसता दगड! पण तो आपटला की..." म्हाताऱ्याने जीभ चावली. "म्हणजे, आवळला की आत चीर पडते. बाहेरून नळा नवरीसारखा. वात लावली की आग त्या चिरेत घुसते, भडका उडतो, आणि वर जायच्या आधीच सगळं फुटतं. मी तर कानांनी ऐकलं. कट्! एवढंच. तिसऱ्या पायरीवर."

"काका," बुआलाई म्हणाली, "नाग कुठे भेटला म्हणालात?"

"तळ्यात."

"तळ्याला पायऱ्या कुठे आहेत?"

सगळ्यांच्या नजरा ओसरीखाली वळल्या. पायऱ्या गावात एकाच ठिकाणी होत्या, या विहाराला. उडवण्याआधी रॉकेट भिक्खूंच्या आशीर्वादाला इथेच आणायचे.

"बाबा, त्या दिवशी नळ्याचं मागचं टोक कुणाच्या खांद्यावर होतं?"

खामसिंगने थोंगडामकडे पाहिलं.

"त्याच्या."

थोंगडामने पुन्हा नाग काढायला तोंड उघडलं. या खेपेला नाग आला नाही.

"खोटं बोलताय, काका!" बुआलाई उभी राहिली. "नाग नव्हताच. नळा तुमच्या खांद्यावरून पडला, आणि तुम्ही तो तसाच उचलून माझ्या बापाच्या हातात दिलात!"