खुर्चीवरचा कोट

“आणि ऐन वेळी दिवे गेले तर?” मॅनेजरांनी विचारलं.

समोरच्या वेडिंग प्लॅनरने न अडखळता सांगितलं की जनरेटर असतो, तो बंद पडला तर दुसरा असतो, आणि दोन्हींपाशी माणूस उभा असतो. मॅनेजरांचा चेहरा पडला. हा प्रश्न त्यांनी हुकमाच्या एक्क्यासारखा शेवटपर्यंत राखून ठेवला होता. पाहुणे जास्त आले तर, स्वयंपाकी आजारी पडला तर, गाड्या लावायला जागा उरली नाही तर, या सगळ्यांची उत्तरं त्या तरुणाने चहा पिता पिता आधीच देऊन टाकली होती.

तो गेल्यावर मॅनेजर म्हणाले, “फार बोलतो. मला नाही पटला.”

त्याच्या आधीचा पटला नव्हता, कारण तो फारच कमी बोलत होता.

मॅनेजर हे काही खरे मॅनेजर नव्हते. नोकरी त्यांनी इस्पितळाच्या कोठीत केली, चादरी आणि उशांचे अभ्रे सांभाळत. पण नात्यागोत्यात कुणाचंही लग्न निघालं की पहिला निरोप त्यांना यायचा. हॉल बघण्यापासून शेवटची खुर्ची उचलेपर्यंत पायाला नुसती भिंगरी. खांद्यावर एक खाकी पिशवी असायची आणि तिच्यात सुतळी, कात्री, टाचण्या, टॉर्च, फ्यूजची तार. काही अडलं की मांडवभर ‘मॅनेजर कुठायत, मॅनेजर कुठायत’ सुरू व्हायचं, आणि ते कानावर पडलं की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. कोठीत त्यांना इतक्या अगत्याने कुणी कधी हाक मारली नव्हती.

एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी पिशवी काढून झटकली, टॉर्चमध्ये नवे सेल घातले. त्याच संध्याकाळी लेक म्हणाली की बाबा, आपण प्लॅनर ठेवू या. मॅनेजरांच्या मनाला ते फार लागलं. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात राबलो आणि घरच्या कार्यात मात्र आपल्याला निवृत्त केलं, असं त्यांना वाटलं. तोंडाने ते एवढंच म्हणाले की ठेव, पण माणूस मी निवडणार. बायकोने मान वळवून हसू लपवलं. या परीक्षेत कुणी पास होणार नाही, हे तिने तेव्हाच ओळखलं होतं.

तिसरी आली ती एक बाई. पन्नाशीची, पायात कॅनव्हासचे बूट, हातात ना लॅपटॉप ना फोटोंचा अल्बम. तिने मॅनेजरांना प्रश्न विचारायला सवडच दिली नाही. चहाचा कप हातात घेऊन ती भिंतीवरच्या फोटोपाशी जाऊन उभी राहिली.

तो मॅनेजरांच्याच लग्नाचा फोटो होता. नवरी खुर्चीत बसलेली, शेजारची खुर्ची रिकामी आणि तिच्या पाठीला अडकवलेला नवरदेवाचा कोट. ऐन फोटोच्या वेळी लाउडस्पीकर शिट्ट्या मारायला लागला, तेव्हा नवरदेव कोट काढून तार बघायला गेले. फोटोग्राफरला पुढच्या लग्नाला जायचं होतं, तो कशाला थांबतोय? त्यावर बायकोचं ठरलेलं वाक्य होतं, “माझं लग्न कोटाशी लागलंय.” ते आजही तिने ऐकवलं. घर हसलं, मॅनेजर सगळ्यांत मोठ्याने.

बाई हसली नाही. “काका, लेकीच्या लग्नात तुम्ही कुठे बसणार?”

“मी कसला बसतोय? आपली फिरती ड्यूटी.”

ती शांतपणे म्हणाली की मग तिचं काही काम नाही. तिची एकच अट असते. त्या दिवशी घरच्यांनी बसायचं. ज्यांना ते जमत नाही त्यांचं लग्न ती घेत नाही.

मॅनेजरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात येऊन आम्हालाच अटी? ते तिला वाटेला लावणार, तेवढ्यात लेक बोलली.

“शाळेच्या नाटकातसुद्धा तुम्ही पडद्याच्या दोऱ्या ओढत होतात, बाबा. मी स्टेजवरून तुम्हाला शोधत राहायचे. या वेळी मला नाही शोधायचं.”

आधारासाठी त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती फोटोकडे बघत होती.

“मी थट्टा करते हो,” ती म्हणाली, “पण त्या दिवशी मला फार एकटं वाटलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि शेजारी कुणीच नव्हतं.”

इतक्या वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. मॅनेजर उठून आत गेले. बाईला वाटलं, रागावले. लेकीलाही तेच वाटलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात खाकी पिशवी होती. ती त्यांनी बाईच्या पुढ्यात ठेवली.

“टॉर्चचं बटण अडकतं,” ते म्हणाले. “जरा दाबून मग सरकवायचं.”

प्लॅनर ठरली ती अशी.

लग्न नीट पार पडलं. आता जुन्या फोटोखाली एक नवा फोटो लागला आहे. त्यात मधोमध लेक आणि जावई, आणि बाजूच्या खुर्च्यांवर मॅनेजर आणि त्यांची बायको. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. एकटे मॅनेजर मान वर करून, लुकलुकणाऱ्या एका बल्बकडे बघताहेत. पण कोट अंगात आहे आणि ते खुर्चीत आहेत, कारण बायकोने त्यांची बाही मुठीत घट्ट धरून ठेवली आहे.

तो कोट कपाटात टांगलेला असतो. जन्मभर चादरीची एक सुरकुती खपवून न घेतलेल्या मॅनेजरांनी त्याची ती चुरगळलेली बाही अजून इस्त्रीला दिलेली नाही.